टेपचं दुसरं टोक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझे मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत. जुन्या झाडांची मापं घेण्यात त्यांची सगळी हयात गेली. भुताखेतांचं नाव काढलं की खो खो हसायचे.

त्या संध्याकाळनंतर हसत नाहीत.

समुद्राकाठचं मासेमारांचं छोटं गाव. मामा आणि त्यांचा जोडीदार एका बाईंच्या माडीवर उतरले होते. दोन दिवसांत गल्लीबोळ पालथे घालून त्यांनी झाडं मोजली. राहिलं एकच. पाण्यावर झुकलेलं, सगळ्यांत म्हातारं, बगळ्यांचं.

तिसऱ्या दिवशी जोडीदार तापाने आडवा झाला.

"एकटेच निघालात?" बाई ओट्यावर फाटलं जाळं सांधत होत्या. "टेपचं दुसरं टोक कोण धरणार?"

"खिळा धरेल. तो निदान बडबड तरी करत नाही."

बाई हसल्या नाहीत.

दिवस मावळत होता. झाडावर शेकडो बगळे. कानठळ्या बसाव्यात असा कलकलाट. मामांनी पाण्याकडच्या बाजूला खिळा ठोकला, टेपचं टोक त्यात अडकवलं आणि बुंध्याला वळसा घालत अलीकडे आले. टेप सैल पडली.

सवयीने तोंडातून निघालं, "धरलं का रे?"

...आणि कलकलाट थांबला.

एकही पंख हलेना. सगळे बगळे पाण्याकडे बघत होते.

सैल टेप हळूहळू... ताठ झाली.

जोडीदार आला वाटतं! मामांना बरं वाटलं.

"ताप उतरला का रे?"

टेपला हिसका बसला. एक.

...दोन.

जरा थांबून पुन्हा दोन. या वेळी घाईचे.

मामांनी दचकून टेप सोडली. ती सळसळत बुंध्याभोवती फिरली आणि पलीकडे पाण्यात काहीतरी पडलं.

बगळे एकदम उडाले.

धीर करून मामांनी पलीकडे पाहिलं. खिळा जागच्या जागी. माणूस नाही. टेपही नाही.

माडीवर जोडीदार घोरत पडला होता. मामांनी सगळं बाईंना सांगितलं. त्यांच्या हातातली सुई थांबली.

"किती हिसके?"

"दोन. मग पुन्हा दोन."

"माझा नवरा तिथेच बुडाला. खडकात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला होता. कमरेला दोर, त्याच बुंध्याला दोराचा वेढा, टोक माझ्या हातात. दोन हिसके म्हणजे मला वर ओढ. मी ओढलं हो... दोर तुटला."

त्यांचे डोळे भरून आले.

"नऊ वर्षं रोज तिथे दोर धरून उभी राहते. मला एकदाही हिसका नाही. तुम्हाला दिले... आणि तुम्ही सोडलंत?"

आता दिवस मावळताना मामा रिकामी उजवी मूठ आवळून बसतात. "पुन्हा हिसका आला, तर सुटायला नको," म्हणतात.

परवा मी शेजारीच होतो. मूठ पुढे खेचली गेली...

दोनदा.

मामांनी सोडलं नाही. पण वर ओढायचं कसं, ते आम्हा दोघांनाही कळेना.