कोरडी राहिलेली जागा

घरापासून पाच किलोमीटरपर्यंत जायला हरकत नाही, असं सरकारने जाहीर केलं ते २०२० च्या मे महिन्यात. चेरीवूडच्या आमच्या फ्लॅटपासून किलायनीची टेकडी त्या पाचात बसते, हे नवऱ्याने, तनयने, नकाशावर बघून सांगितलं, आणि मी सकाळची भांडी सिंकमध्ये तशीच टाकून निघाले. पाठीवर कॅरिअरमध्ये अडीच वर्षांची लेक निहारिका, गळ्यात कॅमेरा. तनयला पाठोपाठ मीटिंग होत्या. निघताना तो हेडफोन बाजूला करून म्हणाला, "किड्यांना माझा नमस्कार सांग."

टेकडीचा समुद्राकडचा उतार बघून आपण आयर्लंडमध्ये आहोत यावर विश्वास बसत नाही. खालच्या रस्त्यांची नावंसुद्धा इटालियन आहेत, सोरेंटो, व्हिको. त्या दिवशी ऊन होतं. ग्रॅनाइट तापलं होतं, पाइनचा डिंक वितळला होता, आणि सगळ्या उतारावर गोर्स फुलला होता. गोर्स म्हणजे काटेरी झुडूप, पिवळंधमक, आणि वास अगदी ओल्या खोबऱ्याचा. कोणीतरी करंज्यांचं सारण परततंय असं वाटत राहतं. त्या वासात मी गुडघ्यांवर बसून फोटो काढत होते. काटेरी फांदीवर एक टॉर्टॉइजशेल, म्हणजे काळ्या-नारिंगी पंखांचं फुलपाखरू, उजव्या पंखाचा कोपरा फाटलेलं. ब्रॅम्बलच्या, रानटी बेरीच्या झुडपाच्या, पानावर एक चिलटाएवढी हिरवी माशी. हीदरच्या खुरट्या झुडपावर एक गुबगुबीत भुंगा. क्लिक झालं की ते उडून जात, आणि निहू टाळ्या पिटून ओरडे, "बाय बाय, बटरफ्लाय!" मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर क्रेशमधल्या, पाळणाघरातल्या इंग्रजीत येतं.

आईला नागपूरला फोटो हवा होता. मी निहूला एका सपाट दगडावर बसवलं, मागे पिवळा गोर्स, त्यामागे समुद्र. वाऱ्याने तिचे केस डोळ्यांवर आले. ती हसली, मी क्लिक केलं. मग ती उतरून माझ्याकडे पळत आली आणि आम्ही घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले तर तेच फुलपाखरू तिथेच होतं. त्याच काटेरी फांदीवर, उजव्या पंखाचा कोपरा फाटलेलं.

मी डेटावर काम करणारी बाई आहे. रजेवर असले तरी सवय जात नाही. फुलपाखरं आपल्या हद्दीत परत येतात, हे मी वाचलं होतं, म्हणून सोडून दिलं. पण हिरवी माशीही त्याच पानावर होती आणि भुंगाही. मी जवळ गेले, फुंकर घातली. पंख थरथरले, म्हणजे मेलेलं नव्हतं. उडालं मात्र नाही. पहिल्या दिवशी ते माझ्या डोळ्यांसमोर उडून गेलं होतं.

मग मी नीट तपासलं. एकाच फुलावर दोन माश्या होत्या, त्यातल्या एकीचा फोटो काढला, दुसरीचा नाही. दोघी उडाल्या. दुसऱ्या दिवशी फुलावर एकच होती, फोटोतली. असं मी पुन्हा पुन्हा केलं. घराजवळच्या बागेत केलं तर काही होत नव्हतं. फक्त त्या उतारावर.

तनयला सांगितलं. "म्हणजे त्यांना वर्क फ्रॉम हिल दिलंयस तू," तो म्हणाला. मीही हसले.

पाऊस आला तेव्हा हसू गेलं. जूनमधली ती भुरभुर होती, छत्रीला न जुमानणारी. आम्ही दोघी उतारावर होतो, निहू माझ्या पाठीवर, टोपीत. सगळं ग्रॅनाइट ओलं होऊन काळं पडलं होतं. तो सपाट दगडही. फक्त त्याच्या कडेला एक जागा पांढुरकी, कोरडी राहिली होती. ताटलीएवढी. दगडाच्या उभ्या बाजूवर, तिच्या खाली, दोन बारीक कोरड्या रेघा होत्या, पाय खाली सोडून बसल्यासारख्या.

मी तिथे हात धरला. हातावर पाऊस पडला नाही.

घरी आल्यावर मी आधी एका माशीचा फोटो पुसून बघितला. निहूच्या फोटोला हात लावायच्या आधी खात्री हवी होती. सकाळी जाऊन पाहिलं तर पानावर माशी नव्हती. तिच्या आकाराची राखेसारखी भुकटी होती, आणि वाऱ्यानेही ती हलत नव्हती. त्यानंतर मी काहीही पुसलं नाही. निहूच्या फोटोच्या कॉपी करून ठेवल्या, फोनवर, लॅपटॉपवर, तनयच्या ऑफिसच्या ड्राइव्हवरही. आईला म्हटलं, "तो फोटो डिलीट करू नकोस हं, काही झालं तरी."

"काहून करीन बाप्पा?" आई म्हणाली. "माझी नात आहे ते."

सप्टेंबरात निहूला बूट घ्यायला गेलो. दुकानातल्या मुलीने मास्कवरच्या डोळ्यांनी हसत पाय मोजला. "तोच साइज. चालतील अजून, ग्रँड!" इथे सगळं ठीक असलं की ग्रँड. मी हिवाळ्याचा कोट काढून ठेवला होता, मागच्या वर्षीचा. तो अगदी बरोबर बसला. नखं कापायला घेतली तर कापण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरने वजन केलं, उंची बघितली, कानात डोकावलं. "शी'ज ग्रँड," तीही म्हणाली. "काही मुलं थांबून थांबून वाढतात."

थांबून, हा शब्द मला घरापर्यंत पुरला.

नोव्हेंबरात निहू म्हणायला लागली, "मम्मा, इट्स विंडी." खिडक्या बंद, हीटिंग चालू, ती सोफ्यावर मांडी घालून बसलेली. केस मात्र कपाळावर उडाल्यासारखे. मी जवळ घेतलं तर हात गार, आणि स्वेटरला मिठाचा, समुद्राचा वास. तनय उठून खिडकीची फट शोधत फिरला. त्याने कडेला टेप लावली. दुसऱ्या दिवशीही वारा होताच. किलायनीवर धुकं असलं की तिचे केस ओलसर होत. आमच्या बाल्कनीत ऊन असलं तरी.

व्हिडिओ कॉलवर आईने पाहिलं. "अक्षया, पोरगी गारठल्यावाणी दिसते. दृष्ट काढ तिची. मीठ-मिरच्या ओवाळ अन् विस्तवावर टाक."

विस्तव कुठला, इलेक्ट्रिक हॉब. मी तव्यावर मिरच्या टाकल्या. त्याच क्षणी स्मोक अलार्म वाजला, मग सगळ्या इमारतीचा वाजला, आणि अख्खी बिल्डिंग खाली आवारात उभी. कोणी ड्रेसिंग गाऊनमध्ये, कोणी मीटिंगचा लॅपटॉप उघडाच धरून. खोकत खोकत मी सगळ्यांची माफी मागत होते. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "जेवायला काय आहे ते तरी सांगा!" लोक हसले. स्वच्छ ऊन पडलं होतं, वाऱ्याची झुळूक नव्हती. माझ्या कडेवर निहू कुडकुडत होती, आणि तिच्या पापण्यांवर बारीक थेंब होते.

तनयने ते थेंब पाहिले.

जानेवारीत परत पाचच किलोमीटर. मी जवळजवळ रोज जात होते. उतारावर जिवंत असं काही उरलं नव्हतं, फक्त माझ्या फोटोतले होते. टॉर्टॉइजशेलच्या पंखांवर दहिवर गोठलेलं. भुंगा हीदरच्या वाळक्या काडीला धरून. मी दगडाशेजारी बसे, शाल त्या कोरड्या जागेभोवती गुंडाळे, फिरायला येणारे बघत आहेत हे माहीत असूनही. गोष्टी सांगे. घरी आल्यावर निहूला विचारे, "गोष्ट आवडली?" ती म्हणे, "वॉट स्टोरी, मम्मा?"

तिथली ऐकत होती की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

एकदा तनय बरोबर आला. पाऊस होता. निहू त्याच्या खांद्यावर. त्याने दगड पाहिला, वाकून कोरड्या जागेवर तळवा टेकवला, आणि चटकन काढून घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला.



एप्रिल कोरडा गेला. गोर्स पुन्हा फुलला, पुन्हा तो खोबऱ्याचा वास. दक्षिणेकडच्या डोंगरांवर धूर दिसायला लागला. लाल जॅकेटातली एक बाई कुत्र्याला फिरवायला येते. ती म्हणाली, "असा कोरडा वसंत असला की गोर्स पेटतोच, लव्ह. हिरवा दिसतो, पण आतून तेल असतं त्यात. हाही उतार पेटेल एक दिवस. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेटला होता, मग महिनाभर सगळं काळं."

ती गेली. मी दगडाजवळ उभी राहून पाहत होते. तिन्ही बाजूंनी गोर्स.

घरी येऊन मी तनयला म्हटलं, "माझा फोटो काढशील? तिथे, तिच्या शेजारी."

त्याला लगेच कळलं. "वेडी आहेस का?"

"ती तिथे एकटी आहे."

"मग मीही बसतो. टायमर लावू."

"दोघं नको. हिच्यासाठी कोणीतरी पूर्ण असायला हवं ना."

निहू जमिनीवर ठोकळे रचत होती. तिने मान वर केली नाही. मागच्या वर्षीचेच कपडे, तेच बूट.

तनय रडला. मी नाही रडले, मला जेवण करायचं होतं.

आम्ही रविवारी गेलो.

ऊन होतं. वारा होता.

मी दगडावर बसले, कडेची जागा सोडून. डावा हात तिच्याकडे ठेवला.

निहू तनयच्या जीन्सला धरून उभी होती. "से चीज, मम्मा!"

तनयने कॅमेरा डोळ्याला लावला. मी म्हटलं, "हलू देऊ नकोस रे. नीट काढ."

क्लिक.

काहीच झालं नाही. गोर्सच्या सुकल्या शेंगा उन्हात तडतडत होत्या. मी उठले, पँट झटकली. तनयने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. आम्ही गाडीकडे गेलो. निहूला मागच्या सीटवर बांधलं, केळं सोलून दिलं.

शँकिलच्या वळणावर तनयने विचारलं, "मूठ का आवळलीयेस?"

मी खाली पाहिलं. माझी डावी मूठ मांडीवर होती, अर्धवट मिटलेली, आत काहीतरी मावेल एवढी. आरशात निहू दिसत होती, दोन्ही हातांनी केळं धरून खाणारी.

माझ्या मुठीत चार गार बोटं होती. घट्ट धरून होती.

"काही नाही," मी म्हटलं. "तू चालव."

आत्ता निहू झोपली आहे. हे सगळं मी एका हाताने टाइप केलं आहे.