पाटाबाहेरचा पेचकस

वळसंगच्या अलीकडे मोटार दोनदा खोकली आणि थांबली, ती थांबलीच. माझ्या मांडीवर तानू, तीन वर्षांची. तिच्या घशात सकाळी पांढरा पडदा दिसला होता. घरघरणारा एकेक श्वास मी मोजत होते... सोलापूरचा डॉक्टर अजून कोसभर नव्हे, चांगला सहा कोस लांब.

सासरच्या गावाहून निघालो होतो, मोटार माझ्या दिरांची. त्यांचा ड्रायव्हर धोंडीराम चाकूच्या टोकानं इंजिनात बराच वेळ खुडबुड करून परत आला.

"स्क्रू निगंना, वैनी. ती बगा, मोटार दुरुस्तीची शेड हाय एक. पर आज खंडेनवमी..."

तो का अडखळला ते शेडच्या दारात कळलं. पाटावर पाने-पेचकस, हातोड्या, छिन्न्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, वर झेंडू. पूजेतल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावत नाही.

"उद्या सकाळी बगू की," म्हणत एक उंच, सावळा माणूस बाहेर आला. रुद्रप्पा. पुढं काही बोलणार, तोच त्याला तानूचा श्वास ऐकू आला. तो वळला आणि पाटावरून पेचकस, छिन्नी, हातोडी उचलली.

"अरे, आज न्हाई उचलायचं! देवी कोपंल!" आतून त्याची आई ओरडली.

"कोपू दे अव्वा. उद्या पाया पडतो तिच्या."

आभाळ राखेसारखं. भुरभुर सुरू झाली होती. एका खांद्यावर तानू आणि दुसऱ्या हातात छत्री, अशी मी इंजिनावर वाकून उभी राहिले.

"ठिणगी पडत न्हाई. आतले पॉइंट काळे पडल्यात," तो म्हणाला. "ते सोडवायचे तर हा स्क्रू... ह्याला चावलं कोण हो?"

धोंडीराम आभाळाकडं बघू लागला.

"खाच पार झिजली. पेचकस नुसताच फिरतोय."

"मग जोर लावा ना!"

"जोर लावूनच तर असं झालंय, बाई. आता ह्याला समजवायला लागतंय."

"स्क्रूला?"

"व्हय. माणसागत असतंय ते. एकदा वंगाळ हात लागला की मग चांगल्या हातालाबी धरू देत न्हाई."

मी नजर वळवली. स्क्रूबद्दलच बोलत होता ना हा?

त्यानं रॉकेलचा थेंब सोडला. छिन्नीची धार स्क्रूच्या कडेला तिरकी टेकवली आणि हातोडीनं हलकेच... टुक. टुक. इतका मोठा हात आणि इतका हळू.

"मास्तरीण हाय न्हवं तुमी?"

"कशावरून?"

"छत्री धरलीया इंजिनावर, पर डोळे माज्या हातावर. चूक शोधताय."

मी हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. आणि माझ्याच हसण्याला घाबरले.

"हालला!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

पॉइंट घासून, नवा स्क्रू बसवून त्यानं मोटार सुरू करून दिली. चढताना छत्री त्यानं मिटून हातात दिली. छिन्नीवरचं कुंकू त्याच्या बोटांवरून माझ्या बोटांवर आलं. विधवेच्या बोटांवर! मी घाईनं ते पदराला पुसलं. ते त्यानं पाहिलं.

घटसर्पच होता. तानू वाचली.

मग तो येऊ लागला. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या बिऱ्हाडाच्या पायरीवर उभा राहायचा. "सुटे भाग न्यायला आलतो, म्हटलं पोरीला बघून जावं." हातात सुटे भाग कधीच नसायचे, तानूसाठी भुईमुगाच्या शेंगा असायच्या. मी आत या म्हणायची नाही, तो जातो म्हणायचा नाही...

माघात एकदा म्हणाला, "बाई, तुमी दोघी माज्या घरी या. कायमच्या. अव्वाला सांगितलंय मी."

होकार ओठांवर होता. पण धोंडीरामाच्या तोंडून सासरी बातमी गेली आणि चारच दिवसांत दीर, मानसिंगराव, दारात हजर. "खुशाल लग्न करा, वहिनी. पोर मात्र आमच्या घरची. ती आमच्याकडं राहील." मी वकिलांना विचारून आले. "लग्न केलंत तर पोर जाईल," ते म्हणाले.

रुद्रप्पानं सगळं उभ्यानंच ऐकलं. "मी जोर लावणार न्हाई, बाई," एवढंच म्हणून तो पायरी उतरला. त्यानंतर आला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला तानूला घेऊन सासरी चालले होते. शेड आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धोंडीराम, थांबवा."

पाट तसाच मांडलेला. कुंकू, झेंडू. पण एक पेचकस उंबऱ्यावर वेगळा ठेवलेला. कोरडा.

"ह्याची पूजा नाही केली?"

"न्हाई." रुद्रप्पा माझ्याकडं बघत नव्हता. "कुणाची मोटार अडली... लेकरू आजारी असलं... म्हणून एक बाहेर. आता दरवर्सी ठेवणार."

"तेवढंच करतोय ह्यो!" अव्वा आतून बोलली. "तोळनूरची पोरगी बगून ठिवलीया, तर हूं न्हाई की चूं न्हाई."

मी पेचकस उचलला. कुंकवाच्या करंड्यात अनामिका बुडवली, चार वर्षांनी. पेचकसावर बोट उठवलं आणि तो पाटावर, ओळीत, बाकीच्यांशेजारी ठेवला.

"यंदा कुणी आजारी नाही, रुद्रप्पा. आमची वाट बघू नका."

त्यानं तो लाल ठिपका पाहिला. मग हळूच म्हणाला, "बोट पुसा, बाई. ड्रायव्हर बघंल."

मी पुसलं नाही.

मोटारीतून उतरून तानू धावत आली. "आई, चल की गं!" म्हणाली, आणि ओढायला तिनं नेमकं तेच बोट धरलं.