गाडीचं पाणी जातं कुठं?

आधीच सांगून ठेवतो, हे खरं घडलेलं आहे. आणि रात्री नाही, भर दुपारी. यंदाच्या मे महिन्यात, पाचोऱ्यात. रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही ना, त्या वेळी.

मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. आजवर घाबरलो तो फक्त लाइट बिलाला.

माझ्या दुकानाला लागून अतिकचं गॅरेज आहे. अतिक म्हणजे हाताला गुण असलेला मिस्त्री. गाडी तापते म्हटलं की लोक त्याच्याकडेच येतात.

त्या दुपारी अभिमन नाना आले. जवळच्या गावचे शेतकरी, साठी ओलांडलेले. बरोबर त्यांची जुनी डिझेल गाडी. म्हणाले, गाडी पाणी खाते. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरला तरी दुपारी निम्मा.

अतिक म्हणाला, ठेवून जा. नाना गेले नाहीत. समोरच्या बाकड्यावर बसून राहिले.

अतिकला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

का, ते मला नंतर कळलं.

मागच्या मे महिन्यात नाना याच गाडीतून बायकोला, भिकुबाईला, जळगावच्या दवाखान्यात नेत होते. तिला सकाळपासून धाप लागलेली. वाटेत अतिककडे थांबले, कारण रेडिएटर ठिबकत होता. खरं तर रेडिएटर उतरवायला हवा होता. पण नानांना घाई, आणि अतिकच्या दारात लग्नाच्या गाड्या उभ्या. मग त्यानं आमच्याकडचे ड्रायव्हर करतात तेच केलं. रेडिएटरमध्ये हळद टाकली.

चिमूटभर हळद टाकली की बारीक गळती बुजते. गावापर्यंत निभतं.

अतिकनं चिमूट नाही टाकली. घाईघाईत अख्खी पुडी रिकामी केली. आणि नानांना म्हणाला, बिनघोर जा.

जळगावच्या वाटेवर, वावडदा गावाच्या अलीकडे गाडी उकळली. आजूबाजूला एक झाड नाही. नानांनी इंजिन जरा निवू दिलं आणि जवळ होतं तेवढं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. भिकुबाईचं प्यायचं पाणी होतं ते. वाटलं, गाडी चालू झाली तर दवाखाना गाठू.

गाडी चालू झाली नाही.

भिकुबाई मागच्या सीटवर पाणी मागत राहिली... मागत राहिली... एक टेम्पो थांबला तोवर ती गप्प झाली होती.

नंतर गाडी ओढून अतिककडे आणली. त्यानं रेडिएटर उघडला. हळदीचा लगदा बसून सगळ्या नळ्या बंद झालेल्या. त्यानं गुपचूप सगळं धुऊन टाकलं. नानांनी विचारलं, काय झालं होतं रे? तर हा म्हणाला, "पाणी कमी होतं, नाना. निघताना बघायला पाहिजे होतं."

शेजारी नानांचा मुलगा नवल उभा होता. धुळ्याला नोकरीला असतो. त्यानं ते ऐकलं आणि बापाला म्हणाला, माझ्या आईला तुम्हीच मारलंत. तेव्हापासून त्यानं घराचा उंबरा ओलांडला नाही. म्हाताऱ्यानंही ते खरं मानलं.

आणि अतिक? खरं काय ते त्याला माहीत होतं. पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. माझा शेजारी आहे, तरी सांगतो... नालायकपणाच केला त्यानं.

तर तो आता गाडी तपासायला लागला. होज पाइप बघितले. ठीक. वॉटर पंप ठीक. हवेचं प्रेशर देऊन पाहिलं, कुठून फुसकारा नाही. ऑइलमध्ये पाणी नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणजे इंजिनातही जात नाही. गाडीखाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

मग पाणी जातं कुठं?

शेवटी त्यानं रेडिएटर काठोकाठ भरला. इंजिन चालूच केलं नाही. झाकण उघडं ठेवून नुसता बघत उभा राहिला.

माझी शिलाई मशीन आपोआप थांबली. लाइट गेली होती. पंखा बंद. रस्ता ओस. सगळीकडे एकदम सामसूम...

आणि आवाज आला.

घट... घट... घट...

तहानलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो ना, तसा. मीही ऐकला. अतिकच्या डोळ्यांदेखत पाणी खाली खाली गेलं.

मग एक सुस्कारा आला...

रेडिएटरमधून नाही. मागच्या सीटवरून.

अतिकच्या हातातली कॅन खाली पडली. तो वळला. मीही धावत जाऊन डोकावलो. सीटवर कोणी नव्हतं. पण मधला स्पंज दबलेला होता. माझा जन्म सीट शिवण्यात गेलाय. बसलेल्या माणसाखाली स्पंज कसा दिसतो, ते मला कळतं.

अतिक सरळ नानांच्या पायाशी जाऊन बसला. सगळं सांगितलं. हळद, पुडी, धुतलेला लगदा. रडत रडत म्हणाला, "तुमची चूक नव्हती, नाना. माझी होती. मी खोटं बोललो."



"माले मालूम शे," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "तिनी सांगं."

"मग... गाडी माझ्याकडेच का आणलीत?"

"मी कोठे आनस? तीच म्हनस, अतिककडे चाल. त्याना हातनंच पानी पिसू." त्याच्याच हातचं पाणी पिणार म्हणे.

दुसऱ्याच दिवशी अतिक धुळ्याला गेला. नवलपुढे हात जोडून सगळं कबूल केलं. नवलनं त्याच्या कानाखाली लगावली आणि त्याच पावली गावाकडे निघाला. आता बापलेक बोलतात. नानांनी अतिकला माफही केलं. मला वाटलं, चला, मिटलं.

गाडी अजून येते. दुपारचीच. अतिक रेडिएटर भरतो. मग दरवेळी नानांना एकच विचारतो, "मला माफ केलं का त्यांनी?"

परवा मी जवळच उभा होतो. नानांनी मान वळवली. मागच्या सीटकडे बघत थांबले. कोणाचं बोलणं पुरं होऊ द्यावं तसे. मध्येच एकदा मान डोलावली. काय ऐकलं, देव जाणे.

मग अतिककडे बघून हळूच म्हणाले,

"नही."