खिशाएवढा डाग

अजिनाथ दहिफळे आजारी पडल्यापासून बाविसाव्या दिवशी मेला. छातीवर डाव्या बाजूला, सदऱ्याच्या खिशाएवढा चौकोन जळून काळा पडला होता. सदरा मात्र धड होता. डॉक्टरांनी सरळ पोलिसांना फोन लावला.

फौजदार सुकन्या खेडकर सावेडीतल्या त्या कंपनीत गेल्या. अजिनाथ तिथं वॉचमन. कंपनी कारखान्यांच्या पाइपांचे जोड किरणांनी तपासायची. मालक अमृत कोठुळे यांनी तीन आठवड्यांपूर्वी तक्रार दिली होती, की किरणांची पेटी चोरीला गेली. काल ती अजिनाथच्या खोलीत सापडली. आतली किरणं फेकणारी इरिडियमची गोळी नव्हती. भंगारात विकायला नेली आणि हावेनं मेला, असं कोठुळे सांगत होते.

पेटीचं कुलूप शाबूत होतं.

“किल्ल्या किती?”

“एकच. माझ्याकडं.”

चोरीच्या आठवड्यात रजेवर असलेल्या आमोस नावाच्या तंत्रज्ञानं पेटी उघडून दाखवली. गोळी वायरच्या टोकाला असते. लांबून हँडल फिरवलं की ती नळीतून बाहेर जाते, उलटं फिरवलं की पेटीत येते. वायरचं टोक तुटलेलं होतं.

अजिनाथची बायको रंगुबाई थंडपणे बोलली. “साहेबांच्या मळ्यात गेल्तो म्हनले. दुपारभर खड्डा खनला. घरी आले अन् वकायला लागले.”

कोठुळ्यांनी कानांवर हात ठेवले. जामखेडच्या मळ्यात आपण दिवाळीपासून फिरकलोच नाही, अजिनाथनंच तिथं काही पुरलं असेल, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुकन्या त्यांना मळ्यात घेऊन गेल्या. किरणं मोजायचं मीटर घेऊन सरकारी तज्ज्ञ मागून येत होते. दोन एकर सारखं नांगरलेलं रान, कुठं काही खूण नाही. कोठुळे गप्पा मारत चालले होते. मध्येच पाय रोवून उभे राहिले. सुकन्यांनी पुढं बोलावलं, तरी ते हलेनात.

तज्ज्ञ त्यांना ओलांडून पुढं गेले. तिसाव्या पावलाला मीटर कडकडू लागलं.

सुकन्या कोठुळ्यांकडं वळल्या.

“चोरानं कुलूप फोडलं असतं. हे किल्लीनं उघडून पुन्हा लावलंय. आमोस रजेवर असल्यानं तुम्ही स्वतः काम करताना वायर तुटली आणि गोळी नळीत अडकली. ती पेटीत परत येईना. तज्ज्ञ बोलावले असते, तर वायरची तपासणी तुम्ही चुकवली होती हे उघडं पडून परवाना गेला असता. म्हणून अजिनाथकडून नळी झटकून घेतलीत, गोळी इथं पुरायला लावलीत. तो आजारी पडल्यावर रिकामी पेटी त्याच्या खोलीत ठेवलीत. कुठं पुरलंय हे आज इथं फक्त तुम्हालाच माहीत होतं.”

कोठुळे म्हणाले, आपण इथंच, गाडीत काचा वर करून बसलो होतो. मुरूम कठीण लागला म्हणून वेळ गेला.

“पण गोळी खिशात का ठेवायला सांगितलीत?”

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

“हात मोकळे नकोत का? खणायचं होतं ना त्याला.”