पूर्ण एक मिनिट

डबा घेऊन तो वॉर्डात शिरला, "मामा" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, आणि खाटेशी उभ्या असलेल्या मुलीनं नुसती मान हलवून त्याला गप्प केलं. तिच्या उजव्या हाताची बोटं मामांच्या मनगटावर होती, डोळे स्वतःच्या घड्याळावर. तो आपला डबा छातीशी धरून उभा. साठाव्या सेकंदाला तिनं मान वर केली, वहीत आकडा लिहिला आणि मगच हसली.

झालं. गड्याची विकेट तिथंच पडली.

आता हा बाबा घड्याळं दुरुस्त करणारा. दिवसभर भिंग डोळ्याला लावून लोकांची मिनिटं ताळ्यावर आणायची, हाच धंदा. पण एका मिनिटाला इतका मान देणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती ती. मामांना हृदयाची गोळी चालू होती, आणि ती देण्याआधी नाडी मोजायचीच. साठाच्या खाली आली तर गोळी परत डब्यात आणि आधी सिस्टरांना सांगायचं.

दुसऱ्या दिवसापासून डबा बरोब्बर गोळीच्या वेळेला यायला लागला. मामांच्या ते लक्षात आलं, पण जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, मापं घेताना गप्प राहायची सवय. ती मात्र रोज गोळी देण्याआधी त्यांना नव्यानं पूर्ण नाव विचारायची. चौथ्या दिवशी भाच्याला राहवेना.

"अजून पाठ नाही झालं?"

"झालंय ना... म्हणून तर विचारते," ती म्हणाली. "पाठ झालं की माणूस बघायचं सोडून देतो."

अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर नाही का चालणार, असंही त्यानं मुद्दाम विचारून बघितलं. त्यावर, उरलेल्या अर्ध्या मिनिटात तुमच्या मामांच्या हृदयानं काय उद्योग केले ते कुणाला विचारू, असं तिनं त्यालाच विचारलं. तो दुकानात जाऊन दिवसभर एकटाच हसत बसला.

सहाव्या दिवशी तिनं नाडी मोजली — बासष्ट. गोळी दिली, पाण्याचा ग्लास परत घेतला. आणि ग्लास ठेवताना तिचं घड्याळ त्याच्या अगदी डोळ्यांसमोर आलं. सेकंदकाटा आठाच्या आकड्यापर्यंत नीट आला, मग वर बाराकडे चढायला लागला तसा जागच्या जागी थरथरला. एकदा, दोनदा... आणि मग पुढे सरकला.

सेल मरायला टेकला की घड्याळं अशी अडखळतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काटा थांबला म्हणजे तिचं मिनिट लांबलं. मिनिट लांबलं म्हणजे ठोके जास्त मोजले गेले. हे बोललं तर पोरीची आठवड्यावर आलेली प्रॅक्टिकल परीक्षा हातची जाणार, आणि ती पुन्हा तोंड बघणार नाही ते वेगळंच. न बोललं तर खाटेवर मामा आहेत, ज्यांनी त्याला लहानाचं मोठं केलं.

"तुमचं घड्याळ मागे पडतंय," तो म्हणाला. "आत्ताच. मोजताना."

ती पांढरीफटक पडली. पण वाद नाही, सबब नाही. त्याचं घड्याळ मागून घेतलं आणि पुन्हा मोजलं, पूर्ण मिनिट. पंचावन्न.

वॉर्डात तेव्हा दुसरं कुणीही बघत नव्हतं. वहीतला बासष्ट तसाच ठेवला असता तर कुणाला पत्ता लागला असता? ती मात्र तडक सिस्टरांकडे गेली आणि हातचं काही न राखता सांगितलं, की नाडी चुकीची मोजली आणि गोळी दिली आहे. तो मागोमाग धावला, घड्याळाचा दोष आहे म्हणून साक्ष द्यायला. तिनं त्याला थांबवलं. घड्याळ माझंच आहे, म्हणाली.

डॉक्टर आले, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला गेलं. तिनं मामांना खोदून खोदून विचारलं: मळमळतंय का, भूक लागते का, डोळ्यांना काही वेगळं दिसतंय का?

"भूक तर गेलीच आहे पोरी," मामा म्हणाले. "आणि तुमच्या धोब्याला सांग, चादरी पिवळ्या पडल्यात. मी जन्मभर पांढरं कापड बघितलंय."

चादर पांढरीशुभ्र होती. तिनं सिस्टरांकडे बघितलं, सिस्टरांनी डॉक्टरांकडे. रक्ताचा अहवाल आला तसं कळलं, की औषध दिवसागणिक मामांच्या अंगात साठत चाललं होतं; डोळ्यांना दिसणारा पिवळेपणा त्याचाच. गोळी त्याच दुपारी बंद झाली. तिनं चूक कबूल केली नसती, तर कुणी तपासलंच नसतं आणि गोळी रोज चालू राहिली असती.

मामा आठवड्यानं घरी आले. तिला मात्र वॉर्डातले पंधरा दिवस पुन्हा करायची शिक्षा झाली आणि प्रॅक्टिकल पुढच्या खेपेवर गेली. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी मनाचा हिय्या करून तो कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. ती मैत्रिणींना पुढे पाठवून त्याच्यापाशी आली.

"तुमचं नुकसान झालं... माझ्यामुळे," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही आता बोलणारच नाही."

"त्या दिवशी गप्प बसला असता, तर नसतेच बोलले." ती थांबली. "पंधरा दिवस मी एकच विचार करतेय. माझी चूक होताना दिसली आणि तोंडावर सांगितली... असं माणूस मला जन्मभर जवळ हवंय."

घरून पाठ करून आणलेलं सगळं तो विसरला. त्याला ती फार आवडते, एवढंच कसंबसं त्यानं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मामांनी कधीच सांगितलंय."