पाय उचलल्यावर

गाडी वेग घेताना गुणी असते. तिची तक्रार पाय उचलल्यावर सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, गाडी उताराला लागली, की मागून फट्. मग फट्फट्. कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी तर असं वाटतं, भिंतच उलटून बोलतेय.

गाडी ताईची. हिवाळ्यापर्यंत दाजींची होती. दाजी दवाखान्यात झोपेतच गेले, इतक्या तापट माणसाला न शोभणाऱ्या शांतपणे. फ्युएल इंजेक्शन नवलाईचं होतं त्या काळातली गाडी. तिचा कॉम्प्युटर म्हणजे सीटखालचा एक पत्र्याचा डबा. दाजींनी ताईला तिच्या स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही. ताईकडे लायसन्स होतं, बाजूची सीट होती, आणि त्या सीटपुढच्या गालिच्याला तिच्या उजव्या पायाने पाडलेलं भोक होतं. दाजी चालवायचे तेव्हा ती जन्मभर तिथे एक नसलेला ब्रेक दाबत बसली.

"हिला तिकडे एक ब्रेक बसवून दे रे," दाजी मला म्हणायचे, आणि पुढचं वळण आणखी जोरात घ्यायचे.

आता ती चालवते. आणि गाडी फटफटते. तशी ती दाजींच्या हातातही फटफटायची, पण तेव्हा आम्ही त्याला गाडीचा स्वभाव म्हणायचो.

तिचा दीर माझ्या गॅरेजमध्ये येऊन गाडीभोवती फिरला. गिऱ्हाईक त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

"वहिनी, कशाला जिवाला घोर? विकून टाकू."

"सोमवारी फिटनेसची तपासणी आहे," ताई म्हणाली. "आवाजात नापास झाली तर घेऊन जा. पास झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

तो माझ्याकडे वळला, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलला, "बायकांचा पाय जड असतो. दुसरं काही नाही."

"आहेच जड," ताई म्हणाली. "जरा लांब उभे राहा, भावजी."

मी बॉनेट उघडलं. इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागतं, ठिणगी लागते. चौथं काही लागत नाही.

*हवा*

सायलेन्सरच्या जोडात फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथे पेटतं. मी मागच्या नळीवर ओली चिंधी दाबून धरली आणि कान लावला. कुठेही फुसफुस नाही. तरी गॅस्केट बदललं. इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांवर पाण्याचा फवारा मारत गेलो. एक भेगाळलेली निघाली. चोर सापडल्यासारखा मी खूश झालो आणि ती बदलून टाकली.

ताई एक चक्कर मारून आली. ती दिसायच्या आधी ऐकू आली.

*पेट्रोल*

इंजेक्टर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर उभे धरले आणि प्रेशर दिलं. बंद असताना एखादा गळतो, आणि मग पाय उचलल्यावरही पेट्रोल झिरपत राहतं. पुठ्ठा कोरडा राहिला.

मग मी एकटाच गाडी घेऊन पाण्याच्या टाकीच्या उतारावर गेलो. कारखान्याची भिंत सुरू होते तिथे पाय उचलला. गरीब गाईसारखी खाली उतरली. पुन्हा वर नेली, पुन्हा उचलला. इतकी शांतता की टायरखालची खडी ऐकू आली.

ताईला दिली. फट्.

मला दिराचं वाक्य आठवलं, आणि आठवल्याची लाज वाटली.

*ठिणगी*

ठीक.

*पाय*

पेडल दाबल्यावर हवेची जी झडप उघडते, त्या थ्रॉटलच्या टोकाला एक छोटा स्विच असतो. पाय पूर्ण उचलला की तो दाबला जातो आणि सीटखालचा डबा पेट्रोल तोडतो. दाबला गेला नाही, तर डब्याला वाटतं पाय अजून पेडलवरच आहे. मग तो थेंब थेंब पेट्रोल देत राहतो, ते धड जळत नाही, आणि सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं.

स्विच चांगला होता. केबल मोकळी. स्प्रिंग नवी घातली. स्विचपासून वायर ओढून डॅशबोर्डवर एक लहानसा दिवा चिकटवला: पाय सुटला की दिवा पेटणार. गॅरेजात उभ्या गाडीत ताईने पेडल दाबलं, सोडलं. दिवा इमानाने विझला, पेटला.

मी बाजूच्या सीटवर बसलो. उतारावर ती म्हणाली, "सोडला."

दिवा विझलेलाच.

"ताई, तू पाय टेकवून ठेवतेस."

"नाही ठेवत."

"कळत नाही माणसाला. सवय असते."

"माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही?" तिने गाडी वळवून पुन्हा टाकीपाशी नेली. चपला काढून मागे टाकल्या. "बघ आता."

रस्ता मोकळा होता, आणि खाली पुलाच्या चढावर गाडी आपोआप मंदावते. ताईने वेग घेतला, आणि भिंत सुरू झाली तशी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. साठीची बाई, स्टिअरिंगमागे मांडी घालून.

दिवा पेटला नाही.

फट्. फट्फट्.

मी बेल्ट सोडून आडवा झालो आणि खाली पाहिलं. पेडल बोटभर दबलेलं होतं. त्यावर काही नव्हतं. दुपारचं ऊन थेट तिथपर्यंत येत होतं, रबरावरच्या रेघा दिसत होत्या. रबर बाहेरच्या कडेला झिजलेलं. दाजी पाय फेंगडा ठेवायचे आणि कधी पूर्ण उचलायचे नाहीत. त्यांचं प्रत्येक रबर मी तिथेच झिजलेलं पाहिलंय.

मी पेडलच्या मागून बोटं घातली आणि वर ओढलं.

ते थोडं वर आलं.

मग पुन्हा खाली गेलं. सावकाश. हट्टी माणूस वाद न घालता आपलंच करतो, तसं.

मी हात काढून घेतला. गाडी पुलाच्या चढावर थांबायला आली. ताईने मांडी सोडली, ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली.

"तू मागे बस," ती म्हणाली.

मी मागे बसलो. ती उतरली, अनवाणीच पलीकडे चालत गेली आणि बाजूच्या सीटचं दार उघडून धरलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पुरे झालं. मी चालवणार आहे. यायचं असेल तर इथे बसा."

रस्त्यावर कोणी नव्हतं. ती दार धरून उभी राहिली.

घाई केली नाही.

मग तिने दार लावलं. नीट, धक्का न देता.

पुन्हा टाकीपाशी. पुन्हा उतार. तिने पाय उचलला.

दिवा पेटला.

भिंत गप्प बसली. बाजूच्या सीटची स्प्रिंग एकदा कुरकुरली. जुनी आहे.

सोमवारी तपासणीला इन्स्पेक्टर पुढच्या दाराशी गेला.

"मागे बसा साहेब," ताई म्हणाली. "ते दार अडकतं."

गाडी पास झाली. दिराने किल्लीसाठी पुढे केलेला हात तसाच खिशात घातला.

त्या आठवड्यात मी बाजूचा भोक पडलेला गालिचा काढून नवा कापून बसवला. बाकी काही केलं नाही. बिल तेवढंच दिलं.

पुढचं ऑइल बदलायला ताई आली तेव्हा ऊन कडक झालं होतं. ऑइल बदलून झाल्यावर मी बाजूचं दार उघडलं. दार अडकलं नाही. गालिच्यावर नव्याने टाकलेलं पायपुसणं उचललं.

नवा गालिचा जुन्याच जागी झिजला होता. पण ताईचं भोक लहान आणि सरळ होतं. हे रुंद होतं, बाहेरच्या बाजूला वळलेलं, आणि टाचेखालचे धागे पार निघाले होते. कोणीतरी तिथे फार जोर लावून दाबत होतं.

मी पायपुसणं होतं तसं ठेवलं.

ताई पुढची काच पुसत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"झिजला ना?" ती म्हणाली. "झिजू दे. आज मी घाटाने जाणार आहे."