सगळं घर, एकाच खेपेत

जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी एक जुनी जाहिरात काच लावून टांगली आहे. सकाळी मक्याच्या आरेपाचा पहिला घास तोंडात जातो तेव्हा माझी नजर तिच्यावरच असते. माझी बायको नोएमी म्हणायची, "लग्न झाल्यापासून माझ्याकडे कधी असं टक लावून बघितलं नाहीस." मी म्हणायचो, "तू चारही चाकांवर चिखलातून चढून दाखव, मग बघतो."

आमच्या कालार्का गावात जुन्या विलीज जीपचं वेड कुणाला नाही? या डोंगरांत रस्ते नंतर आले, जीप आधी आल्या. कॉफीची पोती, केळीचे घड, बाळंतिणी, शवपेट्या, सगळं त्यांनीच वाहिलं. माझं वेड मात्र जरा पुढचं आहे. मला जीपइतक्याच तिच्या जाहिराती आवडतात. त्या काळी विक्रेते गावोगाव येऊन चर्चच्या पायऱ्यांवर जीप चढवून दाखवायचे आणि जमलेल्या गर्दीत रंगीत कागद वाटायचे. ते कागद मी न्हाव्यांच्या दुकानांतून, म्हाताऱ्यांच्या ट्रंकांतून शोधून काढले आहेत. मी रस्ते खात्यात मोजणीचं काम करतो. चढ, उतार, वळण यांत मला कुणी फसवू शकत नाही, आणि जाहिरातींतले डोंगर बहुतेक थापा असतात. या एका जाहिरातीतला उतार मात्र अगदी खरा होता. आमच्या घरासमोरचा वाटावा इतका.

चित्रात कॉफीच्या मळ्यात एक पांढरं घर आहे, निळ्या दारांचं. समोर हिरवी जीप, आणि तिच्यावर अख्खा संसार रचलेला. पलंग, गाद्या, पातेली, शिवणयंत्र, कोंबड्यांची टोपली, फुलांच्या कुंड्या, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. मडगार्डला उभा बांधलेला झाडू. सगळ्यांच्या वर एक झुलती खुर्ची आणि तिच्यात हॅट घातलेला म्हातारा. खुर्चीचं तोंड मागे, घराकडे. हॅटच्या सावलीमुळे चेहरा दिसत नाही. चालक पुढे बघून दात काढून हसतोय. खाली लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'सगळं घर, एकाच खेपेत.'

जूनच्या शेवटी गावात जीपची मिरवणूक निघते. तिच्यात घर हलवण्याची स्पर्धा असते. जीपवर संसार रचायचा, ज्याचा संसार सगळ्यात खरा वाटेल तो जिंकला. लोक इकडून तिकडून मोडकी कपाटं उसनी आणतात. माझा दोस्त गिल्दार्दो तर दर वर्षी तोच एक रंग उडालेला पाळणा मिरवतो आणि बक्षीस घेऊन जातो. त्या वर्षी मी ठरवलं, आपण ही जाहिरातच उभी करायची. वस्तूला वस्तू, आणि सगळ्या आपल्याच घरातल्या.

हे मी बोललो तेव्हा टेबलाच्या टोकाला माझे वडील गुळाचं गरम पाणी पीत बसले होते. त्यांना आम्ही आपा म्हणतो. जीप मुळात त्यांची, सगळी उमर त्यांनी तिच्यावर काढली. मला सरकारी नोकरी लागली त्या दिवसापासून ते मला 'साहेब' म्हणत. टोमणाच होता तो, पण त्यात लाडही होता.

"काय रे साहेब," ते म्हणाले, "झाडू पण नेणार?"

"चित्रात आहे, आपा."

"झाडू दारामागे राहू दे. बाकी काय न्यायचं ते ने."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घर कायमचं सोडायचं असेल तर शेवटचा केर काढून झाडू बरोबर घ्यायचा. परत यायचं असेल तर तो दारामागे ठेवायचा, म्हणजे घराला कळतं. मिरवणुकीसाठीसुद्धा म्हातारे जीपवाले दुकानातून कोरा झाडू आणून बांधतात.

"मग नवा आणू की," नोएमी म्हणाली.

"नव्याचा दांडा पिवळाधमक असतो. चित्रातला काळा पडलाय."

"बघा आपा, याचं डोकं त्या कागदात अडकलंय. एक दिवस तिथेच राहायला जाईल."

आपा हसले नाहीत. "त्या खुर्चीत कोण बसणार?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

"मी? मेलो तरी नाही."

मग त्यांनी मला पूर्वी कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. ते लहान असताना डोंगरापलीकडच्या त्यांच्या गावात दोन पक्षांची कापाकापी सुरू झाली आणि त्यांचं कुटुंब एका जीपवर संसार लादून पळालं. त्यांचे आजोबा घर सोडायला तयार नव्हते. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून दोरीने बांधलं आणि वर चढवलं.

"इथे पोचले ते आजोबा नव्हतेच," आपा म्हणाले.

"म्हणजे? वाटेत गेले?"

"नाही रे. जेवायचे, झोपायचे. पण आम्हाला सगळ्यांना अहोजाहो करायचे. माझ्या आईला, पोटच्या पोरीला विचारायचे, बाई, आमची माणसं कुठे दिसली का हो तुम्हाला?"

म्हातारपणात धक्का बसला की असं होतं. मी तसं म्हणालोही. आपांनी उठून कप धुऊन उपडा ठेवला आणि ते निघून गेले.

मिरवणुकीच्या सकाळी डोंगरावर धुकं होतं. आम्ही एकेक खोली रिकामी केली. आपांचा पलंगही नेला. तसबीर काढली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. आपा गुडघ्याचं निमित्त सांगून घरीच थांबणार होते, म्हणून मी खुंटीवरची त्यांची हॅट घेतली आणि खुर्चीच्या पाठीवर अडकवली. लांबून कुणी बसल्यासारखं दिसावं, एवढाच हेतू होता. खुर्ची चित्रातल्यासारखी घराकडे तोंड करून बांधली. गाठी मी स्वतः मारल्या. नोएमी झाडू घेऊन दारामागे ठेवायला निघाली होती. मी तिच्या हातातून घेतला आणि मडगार्डला बांधला.

आपांना बसायला काहीच उरलं नव्हतं. ते उंबऱ्यावर बसले, बोडक्या डोक्याने. मागे सगळ्या खोल्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या खोकल्याचा आवाज आत घुमत होता.

"लवकर ये रे, साहेब," ते म्हणाले.

मी हात केला आणि क्लच सोडला.

गावात तोबा गर्दी होती. आमची जीप दिसली आणि लोक ओरडायला लागले. "आजोबांना घट्ट धरा!" "अहो आजोबा, खाली उतरा, एक घोट घ्या!" मी मनात खूष झालो. हॅटने काम चोख केलं होतं. रांग थांबली तेव्हा गिल्दार्दो पुढच्या जीपमधून उतरून आला.

"मानलं तुला," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला कसं पटवलंस?"

"आपा घरी आहेत. ती नुसती हॅट आहे."

तो हसला, वर बघितलं, आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. "मी हात केला," तो म्हणाला, "तर त्यांनीही केला." मग आपल्या जीपकडे गेला.

चौकाआधी एक चढ आहे. तो मी स्वतः मोजलेला आहे, अगदी किरकोळ चढ. कॉफीची पोती मी मुद्दाम पुढे ठेवली होती, तोल सांभाळायला. तरी निम्म्यावर पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली.

"मागे कुणीतरी रेलतंय," नोएमी म्हणाली.

"खुर्ची झुलत असेल."

"खुर्ची तू बांधलीस ना?"

मी स्टिअरिंगवर पुढे वाकलो. चाकं खाली टेकली. आम्ही चौकात पोचलो.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. परीक्षक कर्ण्यावरून म्हणाले, "आणि खास कौतुक वरच्या आजोबांचं. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही इकडे तोंड फिरवलं नाही. घराकडेच बघत राहिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर बघितलं. हॅट होती, खुर्ची होती, माझ्या गाठी जागच्या जागी होत्या.

"मला घरी ने," नोएमी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आपा उंबऱ्यावर तसेच बसले होते. जीप थांबली तसे ते उठले आणि कपडे नीट केले.

"आपा, आपण जिंकलो!"

"वा, अभिनंदन," ते म्हणाले. "कोण हवंय आपल्याला, साहेब?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलोसुद्धा.

"इथली माणसं गेली हो," ते म्हणाले. "सगळं घेऊन गेली. झाडूसुद्धा."

नोएमी रडायला लागली. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "रडू नका, बाई. घर रिकामंच आहे, तुम्ही खुशाल राहा."

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली एक बारीक शीर गेली आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. झाडूचा आणि याचा काही संबंध नाही, हे मी नोएमीला पुन्हा पुन्हा सांगतो. तरी ती रोज केर काढून झाली की तो दारामागे ठेवते आणि दोनदा बघून येते. सगळं सामान जागच्या जागी आहे. खुर्ची ओसरीत आहे, पण आपा तिच्यात बसत नाहीत. हॅट दिली तर घेत नाहीत. "कुणाची तरी असेल, न्यायला येतील," म्हणतात. शेवटी ती मी जीपच्या मागच्या दांडीला अडकवून ठेवली. आपा साखर घेताना विचारून घेतात. मी बोलायला गेलो की उठून उभे राहतात आणि म्हणतात, "बसा, साहेब." तोच शब्द आहे. त्यातला टोमणा तेवढा गेला आहे, आणि त्या टोमण्यासाठी माझा जीव तुटतो.

संध्याकाळी ते खालच्या वळणाशी जाऊन उभे राहतात. आमची माणसं जीपने गेलीत, येतील, असं सांगतात.

एकदा मी त्यांना जाहिरातीसमोर उभं केलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोण आहे?"

त्यांनी काचेला नाक लावून बघितलं. "हा मी."

"आणि कुठे चाललात?"

"ते त्या गाडीवाल्याला विचारा," ते म्हणाले. "मी केव्हाचा हाका मारतोय. तो मागे वळूनच बघत नाही."

जीप रिकामी असली तरी मागून किंचित बसलेली दिसते. स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील म्हणून मी नव्या घातल्या. तशीच बसली.

काल दुपारी मी एकटाच वर येत होतो. मागे काही नव्हतं, फक्त दांडीला ती हॅट. खालच्या वळणावर पुढची चाकं उचलली गेली.

मला मागे बघायचं होतं. मान वळेना.

चाकं टेकली. मी दारापर्यंत आलो आणि इंजिन बंद केलं.

आपा ओसरीतून बाहेर आले. माझ्या डोक्यावरून, मागे, उंच काहीतरी बघत राहिले. मग कुणा वडीलधाऱ्याला करावा तसा त्यांनी मान लववून नमस्कार केला.

"साहेब," ते मला हळूच म्हणाले, "त्यांच्या गाठी सोडा आता. हात काळेनिळे पडलेत त्यांचे."